फॉर्म तयार, फोटो बाकी

गेल्या रविवारी फोनवर बोलता बोलता तुम्ही दोघं एकदम ओरडलात आणि माझ्या हातातला चष्मा खाली पडला. मग कळलं की तिकडे टीव्हीवर तुमच्या संघाने गोल केला होता. मी विचारलं, "ऑफसाइड तर नाही ना दिला?" पलीकडून धाकटीचा आवाज आला, "आजी, तुला ऑफसाइड माहीत आहे?"

माहीत आहे. नागपूरच्या फुटबॉल लीगचे अनेक हंगाम मी मैदानाच्या कडेला लाकडी खुर्चीवर बसून पाहिले आहेत, आणि आमच्या टीमचे कागदही सांभाळले आहेत. त्यांतला एक हंगाम मी विसरू शकत नाही. तुमचा बाबा तेव्हा पहिलीत होता. त्या हंगामात माझ्या हातून एक चूक झाली, पाच जणांची नोकरी तिच्यावर लटकली, आणि एका परक्या माणसाने ती स्वतःचं नुकसान सोसून निस्तरली. ही गोष्ट तुमच्या आजोबांना आणि मला ठाऊक होती. आजोबा आता नाहीत, म्हणून मी क्रमाने लिहून काढते.

आम्ही तेव्हा प्रताप नगरात राहत होतो. आजोबा एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते आणि खात्याच्या फुटबॉल टीमचे सेक्रेटरी. तरुणपणी ते याच टीमचे गोली होते. गोली म्हणजे गोलकीपर, आमच्याकडे तसंच म्हणत. त्या काळची आठवण म्हणून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी राहिली होती. सेक्रेटरी म्हणजे बूट, चेंडू, जर्सी, हाफटाइमची लिंबं, गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणि कागद. पहिल्या पाच गोष्टी त्यांच्या आवडीच्या होत्या. कागद त्यांनी लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात माझ्याकडे सरकवले.

मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि त्या इंग्रजीचा घरात काही उपयोग नव्हता. लीगच्या ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार तेव्हा इंग्रजीत चाले. खेळाडूंचे फॉर्म, तारखा बदलण्याचे अर्ज, तक्रारी, तक्रारींची उत्तरं, सगळं. माझे वडील जुन्या मध्य प्रांताच्या सेक्रेटरिएटमध्ये होते. त्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती: अपुरा कागद आपल्या टेबलावरून पुढे जाऊ द्यायचा नाही. म्हणून माझ्या दोन फाइली होत्या. निळ्या फितीची फाइल पूर्ण झालेल्या कागदांची, लाल फितीची अपुऱ्या कागदांची. अपुऱ्या कागदाला मी चिठ्ठी टाचत असे, काय बाकी आहे त्याची. चिठ्ठी निघाली की कागद लालमधून निळीत जायचा. आजोबा याची फार थट्टा करत. "आपल्या घरी वरणसुद्धा लाल फायलीत असते," ते पाहुण्यांना सांगत, "मीठ बाकी अशी चिठ्ठी लावून."

हळूहळू बाकीच्या क्लबांनाही कळलं की प्रताप नगरात एक बाई आहे, ती इंग्रजी अर्ज लिहून देते आणि काही घेत नाही. मग रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात चपलांची रांग लागू लागली. कोणाला पुढची मॅच एक दिवस उशिरा हवी असे, कारण त्या दिवशी अर्धी टीम त्यांच्या फुलबॅक खेळाडूच्या लग्नाला जायची होती. कोणाची तक्रार असे की रेफरी हा समोरच्या कॅप्टनचा मामा आहे. एकदा तर मी रविवारी एका क्लबची तक्रार लिहिली आणि बुधवारी दुसऱ्या क्लबसाठी तिलाच उत्तर लिहिलं. दोन्ही जोरदार झाली होती. आजोबा म्हणाले, "अगं, तू वकील असतीस तर दोन्ही पार्ट्या फाशी गेल्या असत्या."

येणाऱ्यांमध्ये कामठीचे उस्ताद होते. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे, म्हणून मीही उस्तादच लिहिते. त्यांच्या घरी कापड विणायचे माग होते आणि क्लबही त्यांनीच उभा केला होता. क्लबातली निम्मी पोरं दिवसा त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मागावर बसत आणि संध्याकाळी त्यांच्या शिट्टीवर धावत. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत. आमच्या व्हरांड्यात बोललेलं चौकात ऐकू जाई. त्यांना उर्दू वाचता येई, इंग्रजी आणि मराठी नाही. मी अर्ज लिहून झाला की ते आधी तो इंग्रजीत वाचायला लावत, डोळे मिटून ऐकत आणि मग म्हणत, "आवाज बराबर आहे. आता मतलब सांगा." येताना घरच्या शेवयांचा डबा आणत. डबा मी कधी रिकामा परत केला नाही.

आता त्या हंगामाकडे येते.

खात्यात नवे साहेब आले होते. त्यांना फुटबॉलमध्ये गोडी नव्हती. टीममधले पाच खेळाडू रोजंदारीवर होते, केवळ खेळासाठी घेतलेले. आजोबांनीच त्यांना गावोगावहून हुडकून आणलं होतं आणि त्यांच्या घरी जाऊन "कायम करून घेऊ" असा शब्द दिला होता. साहेबांनी आजोबांना बोलावून सांगितलं, की टीम फर्स्ट डिव्हिजनमध्ये टिकली तर पाचही जणांना कायम करतो. खाली घसरली तर टीम बंद, आणि टीमसाठी घेतलेल्यांचं मग कामही नाही. आजोबा घरी आले आणि बूटही न काढता व्हरांड्यात बसून राहिले. "पाच घरांत चहा प्यालोय मी," एवढंच म्हणाले.

आणि हंगाम वाईट गेला. आम्ही सुरुवातीलाच ओळीने हरलो. उमरेडकडून आलेला आमचा लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेने चेंडू नेणारा, तेवढा जीव तोडून धावत होता. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते आणि घरात नोकरीच्या आशेवर थांबलेला तोच एक होता. त्याच्या पायांतून चेंडू निघाला की आम्ही खुर्चीच्या टोकाला येत असू, पण मध्यभागी गोल मारणारं कोणी नव्हतं. कशाबशा दोन-तीन मॅच जिंकल्या, काही बरोबरीत सुटल्या. शेवटची मॅच उरली तेव्हा हिशेब सोपा झाला होता. आम्हाला बरोबरी पुरेशी होती, एक पॉइंट मिळाला की आम्ही टिकत होतो. हरलो तर खाली. समोर होता उस्तादांचा क्लब. त्यांना जिंकणंच भाग होतं, कारण जिंकले तर लीग त्यांची. त्या क्लबला लीगचं शील्ड तोपर्यंत कधीच मिळालं नव्हतं.

मॅच रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी सरावात आमच्या गोलीच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसरा गोली नव्हता. शेवटी सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा एकेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांना चांगलं पोट सुटलं होतं.

"हसू नकोस," ते मला म्हणाले. मी हसत नव्हते. मी फॉर्म काढत होते.

नियम असा होता की खेळाडूचा फॉर्म शनिवारी दुपारपर्यंत लीगच्या ऑफिसात पोचला पाहिजे. फॉर्मवर फोटो लागे. खरं सांगायचं तर फोटोवाचून कोणाचं अडत नसे. सगळे क्लब फॉर्म देऊन टाकत आणि फोटो सवडीने नेऊन देत. ऑफिसही काही म्हणत नसे. पण मी अपुरा कागद पाठवत नसे. गुरुवारी संध्याकाळी मी फॉर्म भरला, आजोबांची सही घेतली, 'फॉर्म तयार, फोटो बाकी' अशी चिठ्ठी टाचली आणि तो लाल फायलीत ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी आजोबांनी स्टुडिओतून फोटो आणला आणि स्वतःच फायलीत ठेवून दिला. मला वाटलं, त्यांनी फोटो चिकटवून फॉर्म निळीत टाकला. त्यांना वाटलं, मी बघून घेईन. शनिवारी सकाळी आजोबांच्या ऑफिसचा शिपाई कागद लीगकडे न्यायला आला तेव्हा मी त्याच्या हातात निळ्या फायलीतले कागद दिले आणि मॅचसाठी जर्सी मोजायला लागले.

रविवारची मॅच मी कधी विसरणार नाही. आजोबा जर्सी घालून मैदानावर आले आणि कामठीहून बस भरभरून आलेली मंडळी खूश झाली.

"काका, वाकता येते का गा?"

"अरे, पोट पुरे आहे, अर्धा गोल तर त्यानंच झाकला!"

"काकू कुठं आहे? काकूले सांगा, चेंडू आला की आवाज देजो!"

मी तिथेच बसले होते, त्यांच्यापासून पाच हातांवर, थर्मास मांडीवर घेऊन. मला आवाज द्यावा लागला नाही. पहिल्या अर्ध्या तासातच एक चेंडू वरच्या कोपऱ्यात चालला होता आणि तुमचे आजोबा खरोखरच उडाले. ते खाली कसे आले हे पाहण्यासारखं नव्हतं, पण चेंडू बाहेर गेला होता. त्यानंतर चेष्टा कमी झाली. शेवटच्या मिनिटांत कामठीवाल्यांनी आम्हाला आमच्याच गोलपुढे कोंडून ठेवलं, पण गोल झाला नाही. शून्य-शून्य. आम्ही टिकलो. पाच जणांनी आजोबांना खांद्यावर घेतलं आणि ते "पाठ, पाठ!" असं ओरडत होते. समोरच्या कडेला उस्ताद आपल्या पोरांच्या पाठीवर हात ठेवत एकेकाजवळ जात होते.

सोमवारी दुपारी उस्ताद आमच्या फाटकात उभे होते. हातात डबा होता, पण ते आत येईनात.

"या ना, उस्ताद."

"येतो, बाई. पण एक तक्रार लिहायची आहे, आणि ती तुमच्या व्हरांड्यात बसून लिहू का नको, हेच समजून नाही राहिलं."

"का बरं? कोणाविरुद्ध आहे?"

ते एकदा रस्त्याकडे बघून प्रथमच हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याविरुद्ध."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एक माणूस सकाळी लीगच्या ऑफिसात गेला होता. तिथे बोलता बोलता निघालं की कालच्या आमच्या गोलीचा फॉर्मच जमा झालेला नाही. मॅचच्या वेळी रेफरी फक्त अकरा नावांची यादी घेत असे. फॉर्म ऑफिसात पडलेले असत आणि कोणी तक्रार केली तरच पाहिले जात. तक्रार मॅचनंतर दोन दिवसांच्या आत द्यायची होती. फॉर्म नसलेला खेळाडू खेळवला तर दोन्ही पॉइंट समोरच्या टीमला, हा नियम मला तोंडपाठ होता. मीच तो इतर क्लबांच्या अर्जांत अनेकदा लिहिला होता.

मला राग आला. "शक्य नाही," मी म्हणाले. "मी माझ्या हाताने फॉर्म भरला आहे. त्यांच्याकडेच हरवला असेल. थांबा, तुम्हाला दाखवते, माझ्याकडे पाठवलेल्या प्रत्येक कागदाची नोंद असते."

मी नोंदवही आणि दोन्ही फाइली आणून टेबलावर ठेवल्या. नोंदवहीत फॉर्मची ओळ नव्हती. निळी फाइल रिकामी होती. मग मी लाल फीत सोडली. वरच फॉर्म होता. त्याला टाचलेली चिठ्ठी होती, माझ्या अक्षरात. फॉर्मच्या खाली स्टुडिओचं पाकीट होतं आणि पाकिटात आजोबांचे तीन फोटो, केस पाणी लावून बसवलेले.

उस्तादांना माझं अक्षर वाचता येत नव्हतं. पण फोटो दिसला. कोपऱ्यावरच्या शाळेची मधली सुट्टी झाली होती आणि मुलांचा गलका येत होता, एवढं आठवतं.

माझ्या मनात काय आलं तेही लिहिते, कारण तुम्हाला खोटी आजी नको. आलं, की मी हा अर्ज लिहिला नाही तर उद्या संध्याकाळपर्यंत यांना दुसरं कोण लिहून देणार? किंवा लिहिला, पण जरा ढिला लिहिला तर? यांना कुठे वाचता येतंय? आवाज बरोबर असला म्हणजे झालं. उमरेडच्या त्या मुलाच्या घरी आजोबांनी चहा घेतला होता, आणि समोर बसलेल्या या माणसाने माझ्या हातचे लाडू खाल्ले होते.

मी कागद ओढला आणि लिहायला लागले. आयुष्यात इतकं स्वच्छ इंग्रजी मी कदाचित लिहिलं नसेल. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, कोणाचा फॉर्म, सगळं. वाचून दाखवलं. उस्ताद डोळे मिटून ऐकत होते.

"आवाज बराबर आहे. मतलब सांगा."

मी अर्थ सांगितला. एक शब्दही मऊ केला नाही. "हा अर्ज दिलात की दोन्ही पॉइंट तुमचे. शील्ड तुमचं."

"आणि तुमची टीम?"

"खाली जाईल."

"आणि ते पाच पोरं?"

त्यांना ते माहीत होतं हे मला ठाऊक नव्हतं. मैदानावर सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी म्हणाले, "त्यांचा फॉर्म बरोबर होता. चूक माझी आहे."

इतक्यात फाटक वाजलं. आजोबा ऑफिसातून लवकरच आले, पाठीला हात लावून, लंगडत. त्यांनी टेबलावरचा फॉर्म पाहिला, चिठ्ठी पाहिली, उस्तादांकडे पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते पायरीवरच बसले. "मी ठेवला होता फोटो," ते म्हणाले. "ठेवून तुला सांगायचं राहिलं."

उस्तादांनी मला विचारलं, "बाई, अर्जात पॉइंटच मागावं लागते का? दुसरं काही मागता येते?"

"मागता काहीही येतं."

"मग मॅच मागा. पुन्हा."

आजोबांनी मान वर केली. "उस्ताद, कायद्याने पॉइंट तुमचे आहेत. ते कोणी नाकारू शकत नाही."

"काय करू त्या पॉइंटचं, साहेब?" आता त्यांचा आवाज पुन्हा चौकात ऐकू जाईल एवढा झाला होता. "शील्ड घेऊन कामठीत उतरलो, का पहिला चहावालाच विचारन, गोल कोणी मारला? मी काय सांगू? बाईंच्या फायलीनं मारला? पोरं दिवसभर माग चालवून संध्याकाळी धावते. कागदावर जिंकाले नाही धावत." मग ते माझ्याकडे वळले. "लिहा. आणि एक अट टाका. गोलात साहेबच पाहिजे. फॉर्म आज जमा करा. दुसरा गोली आणला आणि आम्ही जिंकलो, तर लोक म्हणतीन का गोली बदलला म्हणून जिंकले."

"माझी पाठ..." आजोबा म्हणाले.

"पाठीले तेल लावा. मॅच आठ दिवसांनी मागू."

मी पहिला अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. मग आमच्या टीमतर्फे वेगळं पत्र लिहिलं, की फॉर्म जमा झाला नाही हे खरं आहे, चूक सर्वस्वी आमची आहे आणि समोरच्या क्लबची मागणी आम्हाला मान्य आहे. त्यावर आजोबांनी सही केली. दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच शाईने लिहिलेले. ते दोघंच मग एका रिक्षात बसून लीगच्या ऑफिसात गेले. तिथल्या सचिवांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले म्हणे, "अक्षर तर एकच आहे. तुम्ही भांडायला आलात की लग्न जमवायला?" त्यांनी मॅच पुन्हा लावली.

त्या आठ दिवसांत मला जेवण गेलं नाही. आजोबांनी पाचही जणांना खरं काय ते सांगितलं. मला वाटत होतं, एखादा तरी येऊन दोन शब्द बोलेल. कोणी बोललं नाही, आणि ते जास्त जड गेलं.

पुन्हा मॅच झाली तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर उमरेडच्या लेफ्ट आउटची आई होती. एसटीने आली होती, पहिल्यांदाच मैदान पाहत होती. छप्पन साली दीक्षाभूमीवर तिने लहानपणी आई-वडिलांबरोबर बुद्धधम्म घेतला होता. तेव्हापासून नागपूर आपलंच वाटतं, असं ती मला सांगत होती. तिच्या डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा होता आणि तो तिने मॅच सुरू होण्याआधीच अर्ध्या टीमला वाटला होता.

उत्तरार्ध सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि कामठीने गोल केला. चेंडू आजोबांच्या बोटांना लागून आत गेला. समोरची बाजू उठून नाचू लागली. मी खाली पाहू लागले, मांडीवरच्या फायलीकडे. होय, मी फाइल नेली होती. तीत आजोबांच्या फॉर्मची पोच होती.

"काहून खाली पाहून राहिली वं, बाई? मॅच तिकडं आहे."

मला राहवलं नाही. मी तिला म्हणाले, "ही मॅच माझ्यामुळे पुन्हा होते आहे. कागद माझ्याकडे राहिला होता. नाहीतर तुमचा मुलगा आतापर्यंत कायम झाला असता."

तिने माझ्याकडे पाहिलं. "माह्या पोराचा कागद होता ना बराबर?"

"होता."

"मग खेळू दे त्याले," ती म्हणाली आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागली. "तू बी पाय."

म्हणून मी पाहिलं. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असतील. तिच्या मुलाने डावीकडून चेंडू नेला, दोघांना मागे टाकलं आणि आम्हाला वाटलं की नेहमीसारखा तो मध्ये देईल आणि तिथे कोणी नसेल. त्याने दिला नाही. त्याने स्वतःच मारला, इतक्या तिरप्या जागेवरून की कामठीचा गोली पास अडवायला पुढे आला होता. एक-एक. तिला गोल झालेला कळलाच नाही, सगळे ओरडले म्हणून ती विचारत होती, "काय झालं? कोणी मारला?" मी तिच्या गळ्यात पडले.

मग कामठीवाले तुटून पडले. एक चेंडू खांबावर आपटला. तो आवाज मला आजही ओळखता येईल. आजोबा जमिनीवर पडले होते आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून परत मैदानात गेला. शिट्टी वाजली. पुन्हा बरोबरी, म्हणजे आम्ही टिकलो आणि उस्तादांचं शील्ड दुसऱ्यांदा गेलं.

मैदानावर आमचे लोक नाचत होते. उस्ताद चालत आजोबांपर्यंत गेले, त्यांना हात देऊन उठवलं. मी धावत गेले होते, म्हणून मला ऐकू आलं. "साहेब," ते म्हणाले, "आता तुम्ही पुन्हा गोलात नका उभे राहू. माह्या पोरांच्या नशिबाले तुम्हीच आडवे येऊन राहिले." आणि हसले. त्यांचे डोळे हसत नव्हते, हेही मी पाहिलं.

खात्याच्या साहेबांनी शब्द पाळला. पाचही जण महिन्याभरात कायम झाले. उमरेडचा तो मुलगा त्याच खात्यातून सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाला. गेल्या वर्षी आजोबांना पोचवायला जे चार जण पुढे होते, त्यांत तो होता. तुम्ही व्हिडिओवर पाहिलंत त्याला, पांढऱ्या केसांचा, उंच.

उस्ताद त्यानंतरच्या रविवारीच आले. हिवाळ्यात सरावासाठी मैदान हवं होतं, त्याचा अर्ज. डबा घेऊन आले, बसले, डोळे मिटून ऐकलं, मतलब विचारला. झाल्या गोष्टीचं नाव नाही. मी त्यांचा डबा भरून परत दिला आणि ते गेले. पुढे दहा-बारा वर्षं ते येत राहिले. त्यांच्या क्लबला शील्ड मिळालं, पण उस्ताद वारल्यानंतर. त्या वर्षी त्यांची पोरं ते शील्ड आमच्या घरी घेऊन आली होती, दाखवायला. टेबलावर ठेवलं होतं, जिथे मी अर्ज लिहीत असे.

मी त्यांच्यासाठी किती अर्ज लिहिले त्याची गणती नाही. पण त्यांना आभाराचं पत्र कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वाचून घ्यायला त्यांना माझ्याकडेच यावं लागलं असतं, आणि मतलब मीच सांगितला असता. तो मला तोंडाने कधी सांगता आला नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

लाल फितीची फाइल मी त्याच हिवाळ्यात मोडली. तेव्हापासून जो कागद हातात येतो तो जेवढा झाला असेल तेवढा पुढे पाठवते. उरलेलं मागून जातं आणि कोणाचं काही बिघडत नाही. तुम्ही आजोबांचा गोलात उभा असलेला फोटो मागितला होता. दोन दिवस कपाटं उपसली, सापडला नाही. स्टुडिओच्या पाकिटातले, एक फॉर्मवर गेल्यावर उरलेले ते दोन मात्र कुठेतरी नक्की आहेत. पण त्यासाठी हे अडवून ठेवत नाही. आजच पोस्टात टाकते. फोटो बाकी.